पेटीचा शोध चालू आहे

४ फेब्रुवारी, मंगळवार

…पाणी भरून झालं होतं, भांडी पालथी घातली होती, आणि मी मागच्या अंगणात चादर पिळत होते. एक टोक खुंटीला अडकवलेलं, दुसरं माझ्या हातात. इतक्यात सायकलची घंटा वाजली. सकाळचे नऊ. या वेळी हे टेकडीच्या गावात असायचे. वळून बघते तर हे फाटकात उभे, घामानं निथळत, आणि सायकलच्या मागे दोरीनं आवळलेली भली मोठी लाकडी पेटी.

"चूक झाली गं," हे म्हणाले. "आपल्या गावची समजून आणली."

"मग परत न्या."

"नेऊ की. आधी आत काही फुटलंबिटलं नाही ना, ते बघू." असं म्हणून यांनी टपालाच्या थैलीतून खिळे उपटायचा हातोडा काढला. नशीब, नेमका त्या दिवशी तो थैलीत होता.

आत पुस्तकं. पुस्तकं कशी फुटतील? पण एकदा खिळे निघाले ते निघाले. सगळ्यात वर एक पातळसं पुस्तक होतं, पानभर एकच अक्षर आणि खाली चित्र. हे म्हणाले, "आता उघडलीच आहे तर चार दिवस राहू दे. ज्यांची आहे त्यांना मी पत्र टाकतो." चादर तशीच अर्धी पिळलेली राहिली आणि वाळायला दोन दिवस लागले.

त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली. यांनी पत्र टाकलं. उत्तर आलं नाही.

ही सकाळ आज सारखी डोळ्यांपुढे येते आहे, त्याला कारण अध्यक्ष. गावसभेचे अध्यक्ष दुपारी मी सांभाळते त्या वाचनालयात आले, पंख्याखालची खुर्ची ओढून बसले आणि एक कागद माझ्यापुढे सरकवला. आमच्या भागात एकाच नावाची पाच गावं आहेत. पाचही एका दिवसाच्या चालीत. ओळखायला म्हणून लोक पुलाचं, टेकडीचं, गिरणीचं, खालचं असं म्हणतात. आमच्याकडे ना पूल ना टेकडी, त्यामुळे आमचं ते नुसतंच. आता वरच्या कार्यालयानं ठरवलंय की नुसतं नाव एकाच गावाला मिळणार, बाकी चौघांना नावामागे शेपूट. कुणाकडे जपण्यासारखा जुना वारसा आहे ते बघायला २७ तारखेला एक पाहणीबाई येणार.

"काकू, तुम्ही एवढं वाचता. आपल्या गावाचा वारसा काय ते लिहून द्या."

"आपल्याकडे काय आहे?"

"तेच तर तुम्ही लिहायचं!"

हे मी यांच्या ड्यूटीच्या वहीत लिहिते आहे. मागची पानं कोरी राहिली होती. हे जाऊन तीन वर्षं झाली, पण कागद फुकट घालवणं यांना कधी आवडलं नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

अध्यक्षांचा वारसा तयार झाला. न्हाव्याच्या दुकानापुढचा दगड, ज्यावर गिऱ्हाइकं पाळीची वाट बघत बसतात, तो आता योद्ध्याचं आसन आहे. शाळेपुढचं झाड तीनशे वर्षांचं आहे. ते अध्यक्षांच्या वडिलांनी लावलं तेव्हा मी नवीन लग्न होऊन आले होते आणि त्याला दोन बादल्या पाणी मीसुद्धा घातलंय. म्हणजे मीही तीनशे वर्षांची.

तिसरी वस्तू तोफ. मूळची ती सांडपाण्याची लोखंडी नळी. धाकटे भावजी, माझे दीर, सुतार आहेत, ते तिला लाकडी गाडा करणार.

"भावजी, तुम्हाला तरी लाज वाटू द्या."

"वहिनी, गाडा मी खरा करणार. तोफ खोटी असली तर तो तोफेचा दोष."

मला पाट्यांवरचा मजकूर लिहायचा आहे. लिहिला. झाडाच्या पाटीवर 'हे झाड जुने आहे' एवढंच लिहिलं. अध्यक्षांनी वाचून "जरा फुलवा" म्हटलं. मी 'हे झाड फार जुने आहे' असं केलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज अध्यक्षांना एकाएकी वाचनालयाचा साक्षात्कार झाला. रोज येऊन त्याच्या पंख्याखाली झोपतात, पण वारसा म्हणून ते डोळ्यांत भरलं नव्हतं. "अहो काकू, पाचही गावांत सगळ्यात जुनं वाचनालय आपलं! आणि सुरू कुणी केलं? आपल्या पोस्टमनसाहेबांनी. दारावर त्यांच्या नावाची पाटी लावू. संस्थापक!"

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फारच बरं वाटलं. घरी येऊन दोन कप चहा केला, मग दुसरा परत पातेल्यात ओतला.

पण रात्रीचं जेवण होईतो मनात किडा वळवळू लागला. पाटीवर काय लिहायचं? गावात सगळे समजतात की वाचनालय ज्या पेटीतल्या पुस्तकांवर सुरू झालं ती कुणा दात्यानं पाठवली. खरं मला ठाऊक आहे. पेटी पुलाच्या गावच्या शाळेची होती आणि यांच्या वेंधळेपणानं आमच्याकडे आली. आमच्या गावात तेव्हा शाळाच नव्हती, ती सात वर्षांनी झाली. तरी पेटीवर 'शाळा' असं छापलेलं असताना यांना ती आपल्या गावची वाटली. असे हे!

वेंधळेपणाचे मासले लिहायचे तर वही पुरणार नाही. तीन छत्र्या विसरून आले. एक टेकडीच्या गावात म्हाताऱ्या धोबिणीकडे, ती तिनं मरेपर्यंत वापरली. एकदा नवी चप्पल एका घरी काढली आणि अनवाणी घरी आले. शेवटी शेवटी चष्मा करून आणला तोही चुकीच्या नंबरचा. यांना त्यातून काही म्हणजे काही दिसेना. माझ्या डोळ्यांना मात्र बेतल्यासारखा बसला, म्हणून फुकट गेला नाही. आत्ताही तोच लावून लिहिते आहे.

एक मात्र आहे. टपालात यांची चूक कधी झाली नाही. पाचही गावांचं टपाल नाक्यावरच्या खोलीत एकत्र यायचं, नाव एकच, त्यामुळे तिथल्या लोकांच्या नाकी नऊ यायचे. हे माणसांच्या नावावरून, अक्षरावरून, कधी नुसत्या पाकिटाच्या वासावरून सांगायचे. मग निळ्या पेन्सिलीनं खूण करायचे: पुलाच्या गावाला कमान, टेकडीच्या गावाला त्रिकोण, गिरणीला चाक, खालच्या गावाला ठिपका, आणि आम्हाला एक आडवी रेघ. निवृत्त झाले तेव्हा कागद मिळाला, एकतीस वर्षांत एकही चुकीची पोच नाही. तो भिंतीवर आहे.

म्हणजे पेटीची चूक त्यात धरली नसावी.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पाटीचा मजकूर चार वेळा लिहून फाडला.

जाऊबाई आल्या होत्या. म्हणाल्या, "थोरल्या भावजींनी तुम्हाला शिकवलं, त्याचं लिहा की. आम्हाला त्या वेळी किती हसू यायचं. रोज दिवेलागणीला दोघं पुस्तक घेऊन बसायचात, आणि तुमचे ओठ सारखे हलायचे."

ते खरं आहे. पेटी परत जाईपर्यंत बघू तरी, म्हणून पहिलं पुस्तक उघडलं. पहिली, दुसरी, तिसरी अशी पायरीनं लावलेली पुस्तकं होती, सगळी मिळून एकसष्ट. हे म्हणायचे, "पत्राचं उत्तर येईपर्यंत एक पान." उत्तर येईना, पानं होत गेली.

पेटी यायच्या आठवड्यात मी यांना फार बोलले होते. दुकानातून दोन पुड्या आणल्या होत्या, वर नाव छापलेलं, मला वाचता येईना, आणि कपडे धुवायच्या सोड्यानं मी पिठलं बिघडवलं… पिठलं नव्हे, भाजी होती. काही का असेना. मी रडले होते. बिघडल्यामुळे नाही, पुडीवरचं वाचता येत नाही म्हणून. हे तेच जेवले. हे आज का आठवलं कोण जाणे. सोड्याचा विषय निघाला म्हणून असेल.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पाहणीसाठी वाचनालय धुऊन काढायचं ठरवलं. पुस्तकं उतरवली. सगळ्यात जुनी फळी त्या पेटीच्याच झाकणाची, भावजींनी तेव्हा ठोकून दिलेली. ओल्या फडक्यानं ती खालून पुसत होते. मान वाकडी करून बघितलं तर फळीच्या खालच्या अंगाला निळी कमान.

पुलाच्या गावाची खूण. यांच्या हातची. एकदा काढून वर पुन्हा गिरवलेली.

मी तिथेच जमिनीवर बसले. खूण केली म्हणजे पेटी कुणाची ते यांना कळलं होतं. नीट कमान काढली, आणि मग नाक्यापासून घरापर्यंत येईतो विसरले? दीड कोस? झाकण डोळ्यांपुढे नाही, पण पाठीमागे तर होतं!

असेल. चप्पल विसरणारा माणूस आहे.

भावजी रंग घेऊन आले तोफेसाठी. त्यांना दाखवलं. बघता बघता त्यांच्या मिशा हलायला लागल्या.

"हसता काय?"

"कुठे हसतोय. वहिनी, दादा तुम्हाला म्हणाला काय होता त्या दिवशी?"

"चूक झाली म्हणाले."

"मग झाली असेल," असं म्हणून ते खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

गोष्ट वाढली. पुलाच्या गावच्या अध्यक्षांना शाळेच्या जुन्या दप्तरात नोंद सापडली: 'पुस्तकांची पेटी एक, मागवली, पोचली नाही.' त्यांनी आमच्या अध्यक्षांना निरोप धाडला की तुमचं वाचनालय आमच्या पेटीवर उभं असल्याचा संशय आहे. शनिवारी आमचे गुरुजी पुस्तकं बघायला येतील. पेटी त्यांनीच मागवली होती. त्यांनी ओळखली तर पुस्तकं आमची, वारसा आमचा, नावही आमचं. आणि पाहणीबाईंच्या कानावर घालू की ती कुणी पळवली.

'पळवली' हा शब्द आमच्या अध्यक्षांनी मला तीनदा ऐकवला.

"काकू, काही पुरावाबिरावा नाही ना?"

"कसला पुरावा?" मी म्हटलं.

संध्याकाळी भावजींना बोलावलं. "त्या कमानीवर रंधा मारा."

त्यांनी फळी उतरवली, दोन स्टुलांवर पालथी घातली, रंधा काढला, पातं अंगठ्यानं बघितलं. "एका मिनिटाचं काम आहे. मारू?"

"मारा."

त्यांनी रंधा टेकवला. मी म्हटलं, "थांबा."

यांच्या हातचं माझ्याकडे काय आहे? ड्यूटीच्या वहीतले आकडे. सायकलच्या चाव्यांना बांधलेली सुतळीची गाठ. आणि ही कमान, जी मी काल पहिल्यांदा बघितली. तिची एक बाजू जरा जाड आहे, कारण यांची पेन्सिल नेहमी एका अंगानं झिजलेली असायची. ती गेली की गेली.

"ठोका परत," मी म्हटलं. "पण खूण आत राहू दे, कुणाला दिसायला नको."

"ती आतच आहे वहिनी, चव्वेचाळीस वर्षं."

"मग फळीखाली वाकून कोण बघतंय! ठोका."

म्हणजे चोरीचा माल मी लपवला. हे इथे लिहून ठेवते. उद्या कुणी विचारलं तर खोटं बोलायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

गुरुजी आले.

मला वाटलं होतं चार माणसं, दप्तर, आरडाओरडा. आले एकटेच, दुपारच्या गाडीनं. चौऱ्याऐंशी वर्षांचे, काठी टेकत, उंबऱ्याचा अंदाज पायानं घेत. डोळ्यांनी आता फक्त उजेड आणि सावली कळते म्हणाले. पुलाच्या गावानं पुस्तकं ओळखायला आंधळा माणूस पाठवला होता. त्यांच्या अध्यक्षांना हे ठाऊक नसावं, कारण गुरुजी कुणाला सांगत नाहीत.

आमचे अध्यक्ष त्यांना योद्ध्याच्या आसनावर बसवायला निघाले होते. मी त्यांना चहा सांगायला पिटाळलं आणि दार लोटून घेतलं.

गुरुजी फळीजवळ उभे राहिले. पुस्तकांच्या कडांवरून बोटं फिरवत गेले. पहिल्या, सगळ्यात पातळ पुस्तकापाशी बोट थांबलं. ते काढून त्यांनी नाकाशी नेलं.

"हेच," म्हणाले.

"गुरुजी, यांच्याकडून चूक झाली. हे फार वेंधळे होते. पण पत्र टाकलं होतं यांनी तुम्हाला."

"टाकलं होतं ना. एक नाही, अकरा."

"अकरा?"

"बसा बाई. मी पेटीची चौकशी करणारं पत्र टपालखात्याला लिहिलं. उत्तर तुमच्या यजमानांच्या हातचं आलं आणि घेऊनही तेच आले. पत्र दिलं आणि पळाले. मला दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं पेटी कुठं आहे ते."

"मग तुम्ही मागितली का नाही?"

"मागायला आलोच होतो. तुमच्या फाटकापर्यंत. आत दिवा लागलेला, तुम्ही दोघं बसलेले, आणि तुम्ही एकच ओळ पाच वेळा वाचत होता. पाचव्यांदा बरोबर आली. मी मास्तर माणूस. तसाच परत गेलो."

मी आता कुठे स्टूल ओढून बसले.

"माझ्या पोरांचं अडलं नाही हं," ते म्हणाले. "दुसरी पेटी मागवली, ती त्यांनी स्वतः पहाटे आणून दिली. म्हणाले, 'गुरुजी, ही नक्की तुमचीच.' पण मला या माणसाची गंमत वाटायला लागली होती. मग मी दर वर्षी चौकशीचं पत्र टाकायचो आणि ते दर वर्षी उत्तर द्यायचे." त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून कार्डांचा एक गठ्ठा काढला, जुन्या नाडीनं बांधलेला. "आमचे अध्यक्ष पुरावा म्हणतात तो हा. माझ्याकडे आहे हे त्यांना माहीत नाही. मला आता वाचता येत नाहीत, तुम्हाला येतं. ठेवा. नको असतील तर चुलीत घाला."

बाहेर चहा आला. गुरुजी तो पिऊन अध्यक्षांना म्हणाले, "मला तर काही ओळखू येत नाही हो." आणि गाडीनं परत गेले. यात त्यांनी एक शब्दही खोटा सांगितला नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी

यांचा चष्मा लावला आणि कार्डं क्रमानं मांडली. सगळी उतरवून घेत नाही, काही घेते.

पहिलं: 'आपल्या पेटीचा शोध चालू आहे.'

दुसरं: 'आपली पेटी पहिल्या पुस्तकाच्या शेवटच्या पानापर्यंत पोचल्याचे समजते. शोध चालू आहे.'

तिसरं: 'पेटी जोडाक्षरांच्या चढावर अडली आहे. चिडते, पण मागे फिरत नाही. शोध चालू आहे.'

पाचवं: 'पेटीने काल दुकानातील सर्व पुड्या मोठ्याने वाचल्या. दुकानदार त्रासला. शोध चालू आहे.'

आठवं: 'पेटी आता मनात वाचते. ओठ हलत नाहीत. मला थोडे चुकल्यासारखे वाटते. शोध चालू आहे.'

अकरावं: 'पेटीने गावातील इतर बायकांना वाचून दाखवण्यास सुरुवात केली आहे. पेटी योग्य स्थळी पोचली. शोध बंद करीत आहे. आपला कायमचा ऋणी.'

माणसाला इतकी वर्षं वेंधळा म्हणत आले मी. चारचौघांत म्हटलं. तोंडावर म्हटलं. हे हसायचे आणि पान पुढे सरकवायचे.

आणि लबाड! हातोडा घेऊन निघाला होता घरून!

२५ फेब्रुवारी, मंगळवार

तीन दिवस लिहिलं नाही. एकदा वाटतं कार्डं कपाटात बंद करून ठेवावीत, ती माझी आहेत. पाटी लावावी, 'संस्थापक' म्हणून, पुस्तकं इथेच राहतील, यांच्या नावाला डाग नाही. गुरुजी तर सांगणार नाहीत. भावजी खोकतील फक्त.

पण मग पाटीवर काय? 'चुकून आलेली पेटी'? यांच्या एकतीस वर्षांत चूक एकही नाही आणि मी स्वतःच्या हातानं एक लिहून देऊ? चोर म्हटलेलं यांना चाललं असतं. टपाल चुकवलं म्हटलेलं नसतं चाललं. जेवताना घास खाली ठेवला असता.

२ मार्च, रविवार

सत्तावीस तारखेचं लिहायचं राहिलं.

पाहणीबाई सकाळी आल्या. चाळिशीच्या असतील, पायात मळलेले बूट, हातात वही, चार दिवस चार गावं बघून कंटाळलेल्या. आसन बघितलं. "प्रत्येक गावात एक योद्धा बसून गेलाय," म्हणाल्या. झाड बघितलं, माझी पाटी वाचली आणि पहिल्यांदा हसल्या. मग तोफेपाशी आल्या.

"ही पिढ्यान्‌पिढ्या इथेच?" त्यांनी विचारलं.

"इथून हललेली नाही," अध्यक्ष म्हणाले.

बाईंनी उजवा तळवा दाखवला. त्यावर काळ्या रंगाचा डाग होता. "हा मला परवा गिरणीच्या गावात लागला. याच तोफेचा. रंग तेव्हाही ओला होता, आजही ओलाच आहे."

अध्यक्षांनी भावजींकडे बघितलं. भावजींनी आकाशाकडे बघितलं. गाडा एकच केला होता त्यांनी, आणि नळीसकट दोन्ही गावांना दिला होता. म्हणाले, "गाडा आहे, चाकं आहेत, जाणारच इकडेतिकडे."

सगळे हसले ते हसले, पण अध्यक्षांचा चेहरा पडला. त्यांनी बाईंना घाईघाईनं वाचनालयात आणलं. दारावर पाटी, तिच्यावर कापड. पुलाच्या गावचे अध्यक्षही आले होते, खांबाला टेकून वाट बघत उभे. पाटीचा मजकूर मी आदल्या दिवशी परस्पर पेंटरला दिला होता. आमच्या अध्यक्षांनी न वाचताच कापड ओढलं.

पाटीवर होतं: 'हे वाचनालय पुलाच्या गावच्या शाळेची पेटी पळवून सुरू झाले. पेटी या गावच्या पोस्टमननी पळवली. चूक झालेली नाही.'

सगळेच एकदम बोलायला लागले.

"पाहिलंत! पाहिलंत!" पुलाचे अध्यक्ष खांब सोडून पुढे आले.

"काकू, अहो हे काय केलंत!" आमचे म्हणाले. बिचारे घामाघूम झाले होते.

बाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि मला विचारलं, "पुरावा आहे?"

मी पुस्तकं उतरवली आणि फळीखाली शिरले. चौसष्टाव्या वर्षी. भावजींनी फळी सोडवली आणि उलटी करून खाली घेतली. बाईंना कमान दाखवली. भिंतीवरचा कागद दाखवला. मग कार्डं दिली. त्यांनी उभ्यानंच वाचायला सुरुवात केली, तिसऱ्या कार्डावर खाली बसल्या, आठवं दोनदा वाचलं. पुलाचे अध्यक्ष त्यांच्या खांद्यावरून वाचत होते. पाचव्या कार्डाला त्यांना हसू फुटलं, ते त्यांनी रुमालात लपवलं.

"पुस्तकं परत द्यायची आहेत का तुम्हाला?" बाईंनी मला विचारलं.

"त्यांची आहेत. मागतील तर देईन. मला सगळी पाठ आहेत."

पुलाच्या अध्यक्षांनी नाक शिंकरलं. "गुरुजींना विचारून सांगतो," म्हणाले. ताठपणा राहिला नव्हता.

बाई कार्डांपेक्षा त्या निळ्या कमानीकडेच बघत होत्या. बाकीच्या चार खुणा कोणत्या ते त्यांनी विचारलं. मी सांगत गेले, त्या वहीत काढत गेल्या: कमान, त्रिकोण, चाक, ठिपका, रेघ.

"हे कुणी ठरवलं होतं?"

"यांनीच."

"आणि पाच गावांत एकच नाव असून एकही पत्र चुकलं नाही?"

"एकही नाही. पेटी धरूनसुद्धा."

त्यांनी वही मिटली. निर्णय महिन्याभरात कळवू म्हणाल्या. जाताना तोफेला वळसा घालून गेल्या. काय ठरेल ते मला ठाऊक नाही. पण आमच्या अध्यक्षांना गप्प बसवेल तर शपथ. त्याच संध्याकाळी वेशीवरच्या पाटीवर गावाच्या नावाखाली एक निळी आडवी रेघ आली होती. पेंटर म्हणतो, पुलाच्या गावाहूनही त्याला बोलावणं आलंय, कमान काढायला.

दाराची पाटी काढायला अध्यक्षांनी सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही.

रात्री झोपताना यांच्या बाजूच्या उशीला म्हटलं, शोध बंद केलात ना, मग आता मी चालू करते. चष्म्याचा नंबर एवढा कसा चुकला तुमचा, तेवढं मात्र अजून कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरलं, भांडी पालथी घातली, चादर पिळून दोरीवर टाकली. मग पहिलं पातळ पुस्तक पिशवीत घेतलं, आठच्या गाडीनं पुलाच्या गावाला गेले, आणि गुरुजींना पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्यानं वाचून दाखवलं.